दर अडीचशे मैलांनी टॅपेट बघणे

ॲडलेड,
१४ ऑक्टोबर २००१

ती. पापांस,
सा. न. वि. वि.

जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाला पेट्रोलमधलं शिसं लागतंच का? तुम्ही मोटारसायकल क्लबच्या सभेत उभं राहून सांगितलंत, की माझी दीना रसायनशास्त्राची पदवीधर आहे, ती याचं उत्तर देईल. पापा, पदवीधर दीनाला उत्तर येत नाही. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं पत्र मोकळेपणानं लिहिता येईल.

आठवडाभर संध्याकाळी ग्रंथालयात बसले. ट्रकांवर, ट्रॅक्टरांवर, मोटारींवर लोकांनी प्रयोग केलेत. त्यावरून एवढं कळतं, की शिशाचा बारीक थर व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसतो आणि गादीसारखा मार झेलतो. शिसं गेलं की तापलेला व्हॉल्व्ह नुसत्या बिडाच्या बैठकीवर आपटत राहतो आणि बैठक झिजून आत आत बसत जातो. पण किती मैलांनी, किती ओझ्याखाली, आणि तुमची १९५४ सालची बीएसए गाडी साइडकार ओढत असेल तर काय, हे कुणीच लिहिलेलं नाही. जानेवारीपासून पंपावर शिशाचं पेट्रोल बंद होणार. मर्विन पेंगिली त्याच्या गॅरेजमधून शिशाच्या बदल्यात ओतायच्या बाटल्या विकतोय, म्हणून तो बरोबर असं होत नाही. आणि मला शिसं आवडत नाही, म्हणून मी बरोबर असंही होत नाही.

तेव्हा आपण दोघं शोधून काढू या. व्हॉल्व्ह खाली बसला तर त्याच्या दांड्याखालची फट, म्हणजे टॅपेटची, कमी होणार, हे तुम्ही मला मी नऊ वर्षांची असताना शिकवलंय. म्हणजे मोजायला तुमची फट मोजायची पत्ती पुरे. नियम तीनच: एक, हजार मैल फक्त बिनशिशाचं पेट्रोल, बाटली नाही. दोन, गाडीवर ओझं नेहमीपेक्षा जास्त. तीन, दर अडीचशे मैलांनी टॅपेट बघणे आणि आकडा मला कळवणे. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुमचं आणि फोनचं जमत नाही, आणि कागदावर असलेलं बरं.

एक मागणी आहे. फट हलली नाही, तर शेडमागचा निळा पिंप घालवायचा. तुम्ही शिशाचं दोनशे लिटर पेट्रोल साठवून ठेवलंय हे दोरा आत्यानं सांगितलं. आईनं तीस वर्षं ओल्या फडक्यानं उंबऱ्यावरची कारखान्याची शिशाची धूळ पुसली ती काय पिंप आणून ठेवायला?

पत्ती आणि माया, दोन्ही जपून ठेवा.
आपली,
दीना

०

पोर्ट पिरी,
२२ ऑक्टोबर

चि. दीनास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी सभेत वाचून दाखवलं. "उत्तर येत नाही" इथपर्यंत आलो तेव्हा मर्विन खुर्चीतून पडायचा बाकी होता. म्हणाला, दामियानो, चार वर्षं विद्यापीठात घालवून हे शिकली का? मी म्हटलं, मर्विन, तू एक वर्षही घालवलं नाहीस, म्हणून तुला हे वाक्य अजून म्हणता येत नाही. इलीन ट्रेगिल्गस इतकी हसली की तिच्या कुत्र्यानं भुंकायला सुरुवात केली. तो सभेला येतो. वर्गणी भरत नाही.

नियम मान्य. ओझ्याचा प्रश्न सुटलाय. साइडकारमध्ये तुझी आत्या बसेल. सिमेंटच्या पिशव्या टाकणार होतो, पण पिशव्या चढावर सल्ले देत नाहीत. दोराला मी सांगितलं की विज्ञानासाठी नव्वद किलो लागतात. ती म्हणाली तिचं वजन पंच्याहत्तर आहे. मी वाद घातला नाही, तिला जेवणाचा डबा बरोबर घ्यायला सांगितलं.

एक गोष्ट गमतीची नाही, ती ऐक. गाडीचं सिलिंडर, ज्यात ही बैठक कोरलेली असते, शेवटच्या मापावर आलंय. बैठक बसली आणि व्हॉल्व्ह जळला तर पुन्हा कापायला त्यात धातू उरलेला नाही, आणि दुसरं सिलिंडर मी सहा वर्षं शोधतोय. तुझी आई त्या साइडकारमध्ये एकतीस वर्षं बसली. मी गाडी तुझ्या प्रयोगाला देतोय ती विश्वासानं देतोय, हे लक्षात ठेव.

आणि शिशाबद्दल जरा हळू बोल. मी इथल्या शिशाच्या कारखान्यात सदतीस वर्षं फिटर होतो. तुझ्या आजोबांनी इटलीतल्या मोल्फेत्ताहून येऊन मासे मारले, त्यात चपला झाल्या. शिशातून तुझी पुस्तकं झाली. पिंपाचं हजार मैलांनंतर बघू.

काल रविवारी सुरुवातीचे टॅपेट बघितले. इनलेट दहा थाऊ, म्हणजे इंचाचे दहा हजारांश, एक्झॉस्ट बारा थाऊ. पुस्तकात आहे तसं.

तब्येत सांभाळ, नीट जेव, आणि म्हाताऱ्याला विसरू नकोस एवढंच मागणं.
तुझा,
पापा

०

पोर्ट पिरी,
२ डिसेंबर

चि. दीनास,
अनेक आशीर्वाद.

पाचशे मैल झाले. दोन्ही वेळा तू सांगितलंस तसे टॅपेट बघितले. इनलेट दहा, एक्झॉस्ट बारा. पत्ती जराशी ओढ खात आत जाते, जशी जायला हवी तशी.

दर रविवारी जर्मीनच्या खिंडीतून वर मरे टाउनला जातो आणि परत. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल. आत्या साइडकारमध्ये डोक्याला रुमाल बांधून, मांडीवर तेलातल्या वांग्यांची बरणी घेऊन बसते. दर वळणावर सांत कोर्रादोचं नाव घेते. मी म्हटलं, तो मोल्फेत्ताचा संत आहे, त्याला हा रस्ता माहीत नाही. ती म्हणाली, तुलाही माहीत नाही असं तुझ्या वळण घेण्यावरून वाटतं.

मर्विनला आकडे सांगितले. त्याचा विश्वास बसला नाही. मी म्हटलं, ये आणि स्वतः पत्ती घालून बघ. तो आला, पत्ती घातली, पुन्हा घातली आणि निघून गेला. दीना, सदतीस वर्षांत मला कधी एवढा आनंद झाला नव्हता.

आठवण ठेव आणि नाताळला ये.
तुझा,
पापा

०

ॲडलेड,
९ डिसेंबर

ती. पापांस,
सा. न. वि. वि.

पत्र मी प्रयोगशाळेतच फोडलं आणि ओरडले. पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या मोजत असलेल्या मिस ओजर्स दचकल्या. त्या आमच्या वरिष्ठ आहेत आणि सहसा दचकत नाहीत. मी त्यांना आकडे दाखवले: दहा-बारा, दहा-बारा, दहा-बारा. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, मोजमाप खरं असलं की थोडं डळमळतं, हे फारच सरळ उभं आहे. मी म्हटलं, तुम्ही माझ्या पापांचे हात पाहिलेले नाहीत. अर्ध्या थाऊचा फरक ते पत्तीशिवाय सांगतात.

पापा, पाचशे मैल, चढाव, उन्हाळा, साइडकार आणि दोरा आत्या! एवढ्यावर फट हलत नसेल तर हे सगळं बाटल्यांचं खूळ आहे. या गाड्या इतकी वर्षं शिशाचं पेट्रोल प्यायल्यात, त्याचा थर बैठकीवर टिकून असणार, असा माझा अंदाज आहे. मला रात्री झोपच येत नाही. मला वाटायचं की विज्ञान म्हणजे मोठ्या इमारतीत पांढरे डगले घातलेल्या लोकांचं काम. आणि इथे आपण दोघं, एक शेड, एक पत्ती, आणि जे कुणालाच माहीत नव्हतं ते आपल्याला कळत चाललंय.

आत्याला सांगा, तिचं नाव आभारात घालणार आहे. वजन घालणार नाही.

नाताळला येतेच. तोवर पत्रांत खंड पडू देऊ नये.
आपली,
दीना

०

पोर्ट पिरी,
२० जानेवारी २००२

चि. दीनास,
अनेक आशीर्वाद.

तू नाताळला दोनच दिवस होतीस, त्यामुळे उरलेले मैल तुझ्या माघारी झाले. साडेसातशेला टॅपेट बघितले. काल हजार पूर्ण झाले, पुन्हा बघितले. इनलेट दहा, एक्झॉस्ट बारा.

कालचा दिवस वाईट होता. उत्तरेचा वारा भट्टीसारखा, समोरून. खिंडीत म्हातारी इतकी तापली की आत्या म्हणाली, हिच्यावर अंडं तळता येईल, पण अंडी आणायला तू मला थांबू देणार नाहीस. तरी पोहोचलो. म्हातारी म्हणजे गाडी, आत्याला हे वाक्य दाखवू नकोस.

मी शब्द हजार व्हायच्या आधीच पाळला. शुक्रवारी नगरपालिकेचा ट्रक आला आणि पिंप घेऊन गेला. पिंप गेल्यावर जमिनीवर निळा गोल राहिला. त्यावर तुझ्या आईची तुळशीची कुंडी ठेवली. आपली, सॉसमध्ये घालतो ती. ओल्या फडक्यानं आधी पुसलं.

आता मुख्य. एक फेब्रुवारीला क्लबचं जेवण आहे आणि सगळ्यांनी ठरवलंय की तू बोलायचं. मर्विन बाटल्यांची दोन खोकी मागवून बसलाय, तो पहिल्या रांगेत असेल. बोल तू तुझ्या पद्धतीनं. मी शेवटच्या रांगेत बसेन, मला ऐकू येणार नाही, पण लोकांचे चेहरे दिसतील.

ये, उशीर करू नकोस, प्रेम आहेच.
तुझा,
पापा

०

ॲडलेड,
१० फेब्रुवारी

ती. पापांस,
सा. न. वि. वि.

मी अजून जमिनीवर आलेली नाही. बसमध्ये सहाशे वेळा तीच संध्याकाळ आठवली. मी फळ्यावर चार वेळा "दहा, बारा" लिहिलं आणि खडू ठेवला. मग मी म्हटलं की बाटलीची गरज नाही. आणि टाळ्या. चौतीस माणसं, त्यातली निम्मी मला शाळेच्या गणवेशापासून ओळखणारी. मर्विननं उठून माझा हात हातात घेतला आणि म्हणाला की आकड्यांशी भांडायला तो मूर्ख नाही. मला त्याची दयाच आली.

तुम्ही शेवटच्या रांगेत टोपी हातात घेऊन उभे होतात. तुम्हाला ऐकू येत नव्हतं हे मला माहीत आहे. तरी तुम्ही सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्यात.

दोन बातम्या. राज्याच्या क्लबांचं जे मासिक आहे, त्याच्या संपादकांना माझा लेख एप्रिलच्या अंकात हवाय. लेख परवाच पाठवला. आणि इलीनबाईंनी मला दारापाशी गाठून सांगितलं, की त्या ईस्टरच्या सहलीला विल्पीनाच्या डोंगरापर्यंत त्यांची ४९ सालची गाडी, साइडकार, कुत्रा आणि तंबू घेऊन जाणार, बिनबाटलीच्या. शाळेत त्यांना कुणी विज्ञान शिकवलं नव्हतं, आता शिकल्या असं म्हणाल्या. इतकी वर्षं माझ्या शिक्षणाचा उपयोग काय, असं मला कुणी कुणी विचारायचं. हे उत्तर मी जपून ठेवणार.

आशीर्वादाचा हात असाच डोक्यावर असू द्यावा.
आपली,
दीना

०

पोर्ट पिरी,
३ मार्च

चि. दीनास, आत्याचे गोड पापे.

तुझा पापा तुला लिहितो ते आकडेच, म्हणून म्हटलं माणसांचं मी लिहावं. काल टोमॅटोचा दिवस झाला. पाच पेट्या उकळल्या, एकशे बारा बाटल्या सॉस भरला. तुझ्या पापानं झाकणं ठोकली आणि प्रत्येक झाकणाला म्हणत होता, ही बाटली चालते, मर्विनची चालत नाही. पाचव्यांदा मला हसू आलं नाही.

त्याच्या उजव्या हाताची जखम एकदाची भरली. क्लबच्या जेवणाला त्यानं हात टोपीखाली झाकला, म्हणून तुला माहीत नाही. तो हजार मैलांचा दिवस, वारा असा की माझे दात वाळूनं भरले. घरी आल्यावर गाडी गार व्हायची वाट बघत बसला आणि मग नेहमीसारखे दोन पाने घेऊन खाली वाकला, दीनानं टॅपेट बघायला सांगितलेत म्हणून. एक्झॉस्टची फट इतकी मिटली होती म्हणे की त्याची ती पत्ती आत शिरेना. नट सोडवताना पाना निसटला आणि बोटांची सालं गेली. मी म्हटलं, सोड आता, उद्या कर. तर म्हणे, दीनाला आकडा पाठवायचाय, तो बरोबर असायला नको का? बरोबर करूनच उठला. असा बाप मिळायला भाग्य लागतं, माझा भाऊ असला तरी सांगते.

मला त्या साइडकारमधून मोकळं केलंस तर मी तुला सॉसच्या बारा बाटल्या देईन. जेवत जा.

माया कमी करू नकोस, माझी तर कमी होतच नाही.
तुझी,
दोरा आत्या

०

ॲडलेड,
७ मार्च

ती. पापांस,
सा. न. वि. वि.

आत्याचं पत्र आज आलं. ते वाचून तुमची सगळी पत्रं पुन्हा काढून बसलेय, तरी शांतपणे विचारते, मला नेमकं उत्तर हवंय.

दर अडीचशे मैलांनी टॅपेट बघितले असं तुम्ही लिहीत आलात. बघितले म्हणजे काय केलंत? पत्ती घालून जो आकडा आला तो लिहिलात, की फट पुन्हा दहा-बारा करून मग ते लिहिलंत? रागावून विचारत नाही. पण इलीनबाई एकोणतीस तारखेला निघणार आहेत, आणि त्या माझ्या शब्दावर निघणार आहेत.

उत्तर लगेच द्यावं, मनात काही आणू नये.
आपली,
दीना

०

पोर्ट पिरी,
१२ मार्च

चि. दीनास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, ही काय विचारतेय? तू म्हणालीस टॅपेट बघा. मी बघितले. फिटरनं टॅपेट बघायचे म्हणजे फट मोजायची, चुकली असेल तर बसवायची आणि नट आवळायचा. तो काय संग्रहालयात आलाय, हात पाठीमागे बांधून बघायला? सदतीस वर्षांत फोरमननं मला दहा हजार वेळा म्हटलं असेल, दामियानो, जरा तो पंप बघ. मी पंप बघून बिघडलेलाच ठेवला असता तर पहिल्याच आठवड्यात घरी पाठवलं असतं.

तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं. तुला चुकलेला आकडा हवा होता, आणि मी तो दुरुस्त करून पाठवला. मर्विन पत्ती घालायला आला तेव्हाही माझं बघून झालेलंच होतं.

मग मी शेडमध्ये गेलो. ते सांगतो. पाळी संपताना फिटर भिंतीवर खडूनं लिहून जातो, कुठला नट किती बाजू फिरवला. नटाला सहा बाजू असतात, हे तुला ठाऊक आहे. पुढच्या पाळीच्या माणसाला कळावं म्हणून लिहायचं. मी निवृत्त झालो, पण हात लिहितोच. भिंतीवर आहे ते असं. इनलेट: चारही वेळा काही नाही. एक्झॉस्ट: अडीचशेला काही नाही, पाचशेला काही नाही, साडेसातशेला अर्धी बाजू, हजारला एक बाजू. स्क्रूचे आटे इंचाला सव्वीस. तू हिशेब कर, मला तो करायची भीती वाटते.

आता बापाचं ऐक. आपल्या घरातली पहिली शिकलेली तू. तुझं पहिलं जाहीर बोलणं चुकलं असं कुणी म्हणू नये. चूक माझी आहे, तुझी नाही, पण लोक तुझं नाव घेतील. मर्विन तर बँड लावेल. तेव्हा कुणाला काही सांगू नकोस. मी मर्विनच्या चार बाटल्या दोराच्या नावानं घेतो, सॉसच्या बाटलीत भरतो आणि सहलीच्या आधी इलीनच्या टाकीत ओततो. माझ्याही ओततो. दिवसाढवळ्या ओतेन, कुणी विचारलं तर टोमॅटो म्हणून सांगेन. बाकीचे एकटेच जातात, हळू जातात, त्यांना काही होणार नाही.

मला माफ कर आणि घर आपलं आहे हे विसरू नकोस.
तुझा,
पापा

०

ॲडलेड,
२० मार्च

ती. पापांस,
सा. न. वि. वि.

हिशेब केला. एक पूर्ण फेरा साडेअडतीस थाऊ, म्हणजे नटाची एक बाजू सहा थाऊ आणि वर थोडं. दीड बाजू म्हणजे साडेनऊ. बारातले साडेनऊ थाऊ, आणि तेही सगळे शेवटच्या पाचशे मैलांत. आधी जुन्या शिशाचा थर पुरला, मग संपला, आणि बैठक झिजायला लागली. निदान मला तसं वाटतं. वाटतं आणि आहे यातला फरक मी या महिन्यात शिकले.

आता त्यापुढचं वाचा, आणि बसून वाचा. मी सांगितलं होतं ते तुम्ही नेमकं केलं असतं, हात पाठीमागे बांधून नुसता आकडा लिहिला असता, तर त्या वाऱ्याच्या दिवशी खिंडीत एक्झॉस्टची फट अडीच-तीन थाऊ उरली असती. तापल्यावर तेवढीही नाही. व्हॉल्व्ह मिटला नसता, जळला असता, आणि शेवटच्या मापाचं ते सिलिंडर गेलं असतं. मी घरी बसून आईची गाडी जाळली असती, पापा, आणि त्याला प्रयोग म्हटलं असतं. तुम्ही ती साडेसातशेला बघितलीत म्हणून ती आज उभी आहे. मिस ओजर्सना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, की तुमचे पापा आमच्याकडची उपकरणं बघायला येतील का. बघायला, तुमच्या अर्थानं.

तुम्ही म्हणता कुणाला सांगू नकोस. माझं नाव राहावं म्हणून तुम्ही इलीनबाईंच्या टाकीत टोमॅटोच्या बाटलीतून औषध ओतणार, हे वाचून मी हसले आणि मग बराच वेळ रडले. पण तेहतीस जण आणखी आहेत. त्यातले चौघं साइडकारवाले आहेत. त्यांना हळू जा म्हणून कोण सांगणार? आणि मासिक तर सगळ्या राज्यात जातं.

म्हणून तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी संपादकांना फोन केला. लेख छपाईला जायचा होता, तो मी थांबवला आणि दुसरा लिहिला. त्यात मूळ प्रश्नाचं उत्तर आहे, पूर्ण नाही, पण खरं: बिडाची बैठक, साइडकार, चढ आणि पूर्ण थ्रॉटल असेल तर बाटली ओता, किंवा इंजिन उघडाल तेव्हा कडक धातूची बैठक बसवून घ्या. ज्यांच्या इंजिनात तशी बैठक आधीच आहे त्यांना गरज नाही. एकटं हळू फिरणाऱ्यांना बहुधा नाही, पण त्यांनी टॅपेट बघत राहावेत. बघणे म्हणजे काय, ते मी खाली दोन ओळींत लिहिलंय: आधी मोजून लिहिणे, मग बसवणे. चूक कुठे झाली तेही लिहिलंय. ती शब्दाची चूक आहे आणि शब्द माझा होता.

मर्विनला वेगळं पत्र घातलं. तो अर्धा बरोबर होता आणि मी पूर्ण चुकले होते असं लिहिलं, आणि त्याच्या दोन खोक्यांपैकी एक सहलीच्या सकाळी हॉलवर आणायची विनंती केली. त्याचा उलट टपाली निरोप आला, एकच ओळ: खोकं आणतो, बँड आणत नाही, दामियानोला सांग भिंत पुसू नको, मला ती बघायची आहे. नुसती बघायची आहे.

मी त्याआधीच भिंत वापरलीय, तुम्हाला न विचारता. तुमच्या खडूच्या आकड्यांचा तक्ता मी चौतीस कागदांवर हातानं उतरवला, क्लबातल्या प्रत्येकासाठी एक. छापून घेतलं असतं, पण हातानं लिहिताना प्रत्येकाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो आणि ते मला हवं होतं. खाली दोन नावं आहेत. आमच्यात मोजमाप ज्यानं केलं त्याचं नाव आधी येतं, म्हणून वर दामियानो गादालेता, फिटर, आणि त्याखाली माझं पूर्ण नाव, कोर्रादा गादालेता. मासिकालाही हाच क्रम कळवलाय.

तुम्ही लिहिलंत, पुढच्या पाळीच्या माणसासाठी भिंतीवर लिहायचं. पुढच्या पाळीवर मी होते, पापा. मला ते मिळालं.

चौतीसही पाकिटं सोमवारी दुपारी पेटीत टाकली, हे पत्र पोहोचेल तेव्हा ती सगळ्यांच्या घरी असतील. सहलीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळच्या बसनं येतेय. आत्याला साइडकारमधून मोकळं केलंय, विल्पीनाला तिथे मी बसेन.

आपली,
दीना